शेजारच्या दीर्घिकांमधून येणारे गॅमा किरण नेमके जन्मतात कुठे?

१३७ तास. चार दुर्बिणी. आणि हाती लागलेले गॅमा किरण फक्त ९१.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात 'व्हेरिटास' नावाची दुर्बिणींची चौकडी आहे. जानेवारी २००८ ते एप्रिल २००९ या काळात तिने एम ८२ नावाच्या दीर्घिकेकडे इतके तास बघितलं. हिशोब केला तर दीड तासाला एक गॅमा किरण. तरीही ही नोंद २००९ मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली आणि खगोलशास्त्रातली मोठी बातमी ठरली.

कारण या मूठभर किरणांमागे शंभर वर्षांहून जुना प्रश्न आहे. अंतराळातून पृथ्वीवर सतत आदळणारे 'वैश्विक किरण' तयार कुठे होतात? आणि त्यांचा ताऱ्यांच्या जन्ममृत्यूशी काय संबंध आहे?

आधी गॅमा किरण म्हणजे काय ते पाहू

रेडिओ लहरी, मोबाइलचा सिग्नल, डोळ्यांना दिसणारा प्रकाश, दवाखान्यातले एक्स-रे ही सगळी एकाच कुटुंबातली भावंडं. फरक फक्त ऊर्जेचा. या कुटुंबात सगळ्यात जास्त ऊर्जा असलेला सदस्य म्हणजे गॅमा किरण.

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा साधारण २ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. व्हेरिटासने एम ८२ मधून पकडलेल्या फोटॉनची ऊर्जा ७०० अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे होती. म्हणजे साध्या प्रकाशाच्या तुलनेत किमान ३५० अब्ज पट.

इथेच पहिला धागा मिळतो. एखादी वस्तू तापली की ती प्रकाश देते. लोखंड तापून लाल होतं, सूर्य पिवळसर-पांढरा दिसतो. पण इतक्या ऊर्जेचे गॅमा किरण नुसत्या उष्णतेने तयार होऊच शकत नाहीत. तेवढी तापलेली वस्तू आजच्या विश्वात कुठेही नाही. त्यामुळे असे किरण दिसले की एक गोष्ट पक्की समजायची. तिथे कुणीतरी कणांना प्रचंड वेग देत आहे.

या दीर्घिका कोणत्या?

आपली सूर्यमाला ज्या दीर्घिकेत आहे तिला आपण आकाशगंगा म्हणतो. तिच्यात नवे तारे जन्मतात, पण संथपणे. काही दीर्घिकांमध्ये मात्र ताऱ्यांच्या जन्माचा अक्षरशः स्फोट झालेला असतो. इंग्रजीत त्यांना 'स्टारबर्स्ट' म्हणतात.

एम ८२ ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. योहान बोडे या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १७७४ च्या शेवटच्या दिवशी तिची नोंद केली. सप्तर्षींच्या दिशेने, पृथ्वीपासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर ती आहे. शेजारच्या एम ८१ या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तिच्यातला वायू ढवळून निघाला आणि केंद्राकडे लोटला गेला. तिथे आता आकाशगंगेच्या सुमारे दहापट वेगाने तारे तयार होत आहेत. गंमत म्हणजे मार्च-एप्रिलच्या रात्री, शहरापासून लांब, महाराष्ट्रातूनही छोट्या दुर्बिणीने ती उत्तर आकाशात धूसर रेघेसारखी दिसते.

दुसरी दीर्घिका एनजीसी २५३. कॅरोलिन हर्शेल यांनी ती १७८३ मध्ये शोधली. तिचं अंतरही एम ८२ च्या जवळपासच आहे, पण ती दक्षिण आकाशात दिसते.

याशिवाय आणखी काही शेजारी या कथेत येतील. आकाशगंगेच्या अगदी अंगणातले मोठा आणि छोटा मॅजेलनी मेघ, २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका, आणि ४ कोटी ७० लाख प्रकाशवर्षांवरची एनजीसी १०६८.

शंभर वर्षं जुना प्रश्न काय होता?

७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ फुग्यातून ५ हजार मीटरच्या वर गेले. जमिनीतून येणारी किरणोत्सारी प्रारणं उंचावर कमी व्हायला हवी होती. पण मोजमाप उलटं निघालं. जितकं वर जावं तितकी प्रारणं वाढत होती. म्हणजे ती वरून येत होती. हेच वैश्विक किरण. या शोधासाठी हेस यांना १९३६ चं नोबेल मिळालं.

नावात 'किरण' असले तरी हे प्रकाशाचे किरण नाहीत. हे जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावणारे कण आहेत. त्यात बहुतांश प्रोटॉन असतात, म्हणजे हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक.

अडचण अशी की प्रोटॉनवर विद्युतभार असतो. अंतराळात सगळीकडे चुंबकीय क्षेत्रं पसरलेली आहेत. भार असलेला कण त्यात शिरला की वळतो. लाखो वर्षं असा भरकटत प्रोटॉन पृथ्वीवर पोहोचतो तेव्हा त्याची दिशा पाहून तो कुठून निघाला हे सांगता येत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता पुसलेल्या पाकिटासारखी त्याची अवस्था असते.

गॅमा किरणांवर विद्युतभार नसतो. ते सरळ रेषेत येतात. म्हणून वैश्विक किरणांचा माग काढायचा तर ते जिथे गॅमा किरण तयार करतात ती जागा शोधायची, ही कल्पना पुढे आली.

मग गॅमा किरण तयार कसे होतात?

साखळी अशी आहे.

सूर्यापेक्षा आठपटींहून जास्त वस्तुमानाचे तारे फार जगत नाहीत. सूर्याचं आयुष्य सुमारे १० अब्ज वर्षांचं, तर या ताऱ्यांचं जास्तीत जास्त काही कोटी वर्षांचं. शेवटी त्यांचा स्फोट होतो, त्याला सुपरनोव्हा म्हणतात. अशा एका स्फोटात उडालेल्या पदार्थाची गतिज ऊर्जा साधारण सूर्य आपल्या सगळ्या आयुष्यात जेवढा प्रकाश देईल तेवढी असते.

स्फोटातून बाहेर पडणारी धडक लाट, म्हणजे शॉक वेव्ह, आजूबाजूच्या वायूतून सुसाट जाते. तिथले कण लाटेच्या दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा फेकले जातात आणि दर फेरीत थोडी ऊर्जा कमावतात. कण असे वेग घेत असतील ही मूळ कल्पना एन्रिको फर्मी यांनी १९४९ मध्ये मांडली. धडक लाटांना ती नेमकी कशी लागू होते हे १९७७-७८ च्या सुमारास स्पष्ट झालं. सुपरनोव्हातून वैश्विक किरण तयार होत असावेत, असा अंदाज तर वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्येच केला होता. स्फोटाच्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा या कणांना मिळाला तरी आकाशगंगेतल्या वैश्विक किरणांचा हिशोब जुळतो.

आता हा वेगवान प्रोटॉन दीर्घिकेतल्या वायूमधून जातो. वाटेत एखाद्या हायड्रोजनच्या केंद्रकावर आदळला तर त्या टकरीत पायॉन नावाचे अल्पजीवी कण तयार होतात. त्यातला विद्युतभार नसलेला पायॉन सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा कोटीवा भागही जगत नाही. त्याचे जवळपास नेहमीच दोन तुकडे होतात आणि ते दोन्ही तुकडे म्हणजे गॅमा किरण.

थोडक्यात सूत्र असं: जास्त मोठे तारे, म्हणून जास्त स्फोट. जास्त स्फोट, म्हणून जास्त वेगवान प्रोटॉन. त्यात वायूची दाटी असली की जास्त टकरी आणि जास्त गॅमा किरण.

दुसराही एक संशयित आहे. धडक लाटेत प्रोटॉनबरोबर इलेक्ट्रॉनही वेग घेतात. ते ताऱ्यांच्या साध्या प्रकाशाला धडक देऊन त्याची ऊर्जा वाढवू शकतात, किंवा वायूच्या अणूजवळून जाताना ब्रेक लागल्यासारखे मंदावून गॅमा किरण सोडू शकतात. त्यामुळे गॅमा किरण दिसले म्हणजे प्रोटॉन सापडले, असं लगेच म्हणता येत नाही.

प्रोटॉनची ओळख पटवणारी एक खूण मात्र आहे. पायॉनपासून निघालेल्या गॅमा किरणांची संख्या साधारण २० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली झपाट्याने घटते. इलेक्ट्रॉनपासून निघालेल्या किरणांमध्ये असा उतार नसतो. २०१३ मध्ये 'फर्मी' या नासाच्या अवकाश दुर्बिणीने आकाशगंगेतल्याच डब्ल्यू ४४ आणि आयसी ४४३ या दोन जुन्या स्फोटांच्या अवशेषांमध्ये हा उतार टिपला. स्फोटांचे अवशेष प्रोटॉनना वेग देतात, याचा तो थेट पुरावा होता.

छोट्या मेघाने दिलेली साक्ष

पण वैश्विक किरण प्रत्येक दीर्घिकेत 'घरचे'च असतात हे कशावरून? ते सगळ्या विश्वात सारखेच पसरलेले असतील तर?

याची परीक्षा छोट्या मॅजेलनी मेघावर झाली. त्यात वायू भरपूर आहे. वैश्विक किरण सगळीकडे सारखे असते तर त्यांनी या वायूवर आदळून ठरावीक प्रमाणात गॅमा किरण तयार करायलाच हवे होते. नासाच्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या 'एग्रेट' या उपकरणाने पाहिलं, तर तेवढे किरण तिथे नव्हतेच. १९९३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते पी. श्रीकुमार. हे भारतीय शास्त्रज्ञ पुढे बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे संचालक झाले. त्यांच्याच नेतृत्वाखाली १९९२ मध्ये मोठ्या मॅजेलनी मेघातून येणारे गॅमा किरणही नोंदवले गेले होते.

पुढे फर्मी दुर्बिणीला छोट्या मेघातले क्षीण गॅमा किरण सापडले. त्यावरून तिथली वैश्विक किरणांची घनता आपल्या परिसरातल्या घनतेच्या १५ टक्क्यांपेक्षाही कमी असल्याचं दिसलं. अर्थ सरळ होता. हे कण प्रत्येक दीर्घिकेत तिच्या तिच्या हिशोबाने तयार होतात.

२००९ मध्ये काय घडलं?

गॅमा किरण पृथ्वीच्या वातावरणातच अडतात. त्यामुळे ते पाहण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दुर्बीण अवकाशात नेणं. फर्मी दुर्बीण जून २००८ मध्ये अशीच कक्षेत सोडली गेली.

दुसरा मार्ग जमिनीवरचा. गॅमा किरण हवेच्या वरच्या थरात शिरला की कणांची माळच्या माळ तयार होते. एकाचे दोन, दोनाचे चार अशा या 'कणांच्या पावसा'चं गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइट्लर यांनी १९३७ मध्ये मांडलं होतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करण्याच्या आठ वर्षं आधीची ही गोष्ट. हे कण हवेत निळसर प्रकाशाची अतिशय क्षणिक झलक सोडतात. तिला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. मोठे आरसे आणि वेगवान कॅमेरे तो टिपतात आणि मूळ गॅमा किरण कुठून आला हे सांगतात.

२००९ मध्ये याच पद्धतीने व्हेरिटासने एम ८२ आणि नामिबियातल्या 'हेस' दुर्बिणींनी एनजीसी २५३ टिपली. हेसला त्यासाठी ११९ तास लागले. पुढच्याच वर्षी फर्मीनेही दोन्ही दीर्घिकांमधून येणाऱ्या कमी ऊर्जेच्या गॅमा किरणांची नोंद प्रसिद्ध केली.

व्हेरिटासच्या गटाने हिशोब मांडला तेव्हा एम ८२ च्या केंद्रातली वैश्विक किरणांची घनता आकाशगंगेतल्या सरासरीच्या सुमारे ५०० पट निघाली. हे सुपरनोव्हाच्या अंदाजाशी जुळणारं होतं. आकाशगंगेत शंभर वर्षांत दोन-तीन सुपरनोव्हा होतात असं मानलं जातं. एम ८२ मध्ये साधारण दर १० ते २० वर्षांनी एक होत असावा आणि तोही मुख्यतः केंद्राच्या छोट्याशा भागात.

गर्दीतला प्रोटॉन आणि मोकळ्या मैदानातला प्रोटॉन

स्फोट जास्त, एवढंच कारण पुरत नाही. वायूची दाटीही तितकीच महत्त्वाची.

आकाशगंगेतला प्रोटॉन मोकळ्या मैदानात पळणाऱ्या मुलासारखा आहे. कुणाला धडकण्याआधीच तो बहुतेक वेळा मैदानाबाहेर जातो. त्यामुळे आपल्याकडच्या प्रोटॉनच्या ऊर्जेचा काही टक्के इतकाच छोटा भाग गॅमा किरण आणि इतर कणांमध्ये बदलतो. एम ८२ किंवा एनजीसी २५३ च्या केंद्रातला प्रोटॉन मात्र ऐन जत्रेत सापडलेला असतो. बाहेर पडेपर्यंत त्याला धक्के बसतातच.

हेस आणि फर्मी यांच्या नोंदी एकत्र करून २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणात एनजीसी २५३ साठी हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आलं. या आकड्यातली अनिश्चितता मोठी आहे, पण आपल्या आकाशगंगेशी तुलना केली तर फरक डोळ्यांत भरतो. उरलेले कण कुठे जातात? या दीर्घिकांमधून वायूचे जोरदार झोत बाहेर वाहतात. ते वारे त्यांना बाहेर घेऊन जातात.

सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरची आर्प २२० ही दोन दीर्घिकांच्या टकरीतून बनलेली दीर्घिका तर याहून दाट आहे. तिथे शिरलेला प्रोटॉन जवळपास सगळी ऊर्जा गमावूनच थांबत असावा, असं मानलं जातं. २०१६ मध्ये तिच्यातून येणारे गॅमा किरणही फर्मीच्या नोंदींमध्ये सापडले.

जेवढे नवे तारे, तेवढे गॅमा किरण

दोन-चार उदाहरणांवरून नियम होत नाही. म्हणून फर्मीच्या गटाने तीन वर्षांच्या नोंदी घेऊन ६० हून अधिक दीर्घिका तपासल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले.

नवे तारे धुळीच्या ढगांमध्ये जन्मतात. ती धूळ तापते आणि अवरक्त किरण सोडते. त्यामुळे एखाद्या दीर्घिकेचा अवरक्त प्रकाश मोजला की तिथे किती तारे जन्मत आहेत याचा अंदाज येतो. या प्रकाशासमोर गॅमा किरणांची तेजस्विता मांडली तर दोन्ही हातात हात घालून वाढताना दिसल्या. छोट्या मॅजेलनी मेघापासून एम ८२ पर्यंत सगळे साधारण एकाच रेषेवर येत होते.

आणखी एक बारकावा होता. तारे दुप्पट झाले तर गॅमा किरण दुपटीपेक्षा थोडे जास्तच वाढत होते. म्हणजे दाट दीर्घिका नुसते जास्त प्रोटॉन बनवत नाहीत, त्यांचा वापरही जास्त पुरेपूर करतात. टकरींचं चित्र खरं असेल तर असंच दिसायला हवं.

पण प्रत्येक वेळी आरोपी तोच नसतो

इथपर्यंत गोष्ट सोपी वाटते. मात्र 'तारे, स्फोट, प्रोटॉन, गॅमा किरण' हे सूत्र डोळे झाकून सगळीकडे लावलं की फसगत होते. तीन शेजाऱ्यांनी हे दाखवून दिलं.

पहिला मोठा मॅजेलनी मेघ. त्यात 'टॅरँट्युला' नावाचा ताऱ्यांच्या जन्माचा प्रचंड मोठा प्रदेश आहे. तिथून येणारे गॅमा किरण पाहून ते ताऱ्यांच्या कारखान्यातल्या वैश्विक किरणांचे असावेत असं वाटत होतं. २०१५ मध्ये लक्षात आलं की त्यातला साधारण निम्मा प्रकाश एकाच वस्तूचा आहे. ती वस्तू म्हणजे पल्सार, सेकंदाला सुमारे २० वेळा गिरकी घेणारा मृत ताऱ्याचा गाभा. आकाशगंगेबाहेर सापडलेला तो पहिला गॅमा किरण पल्सार ठरला.

दुसरी देवयानी. तिच्यात तारे आणि वायू मुख्यतः केंद्रापासून लांब असलेल्या एका कड्यात आहेत. गॅमा किरण टकरींमधून येत असतील तर तेही त्या कड्यातून यायला हवेत. पण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फर्मीच्या नोंदींमध्ये ते केंद्राजवळ एकवटलेले दिसले. तिथे वायू कमी आणि तारे म्हातारे आहेत. मग हे जुन्या, वेगाने फिरणाऱ्या पल्सारच्या थव्याचं काम आहे का? की कृष्णद्रव्याचे, म्हणजे डार्क मॅटरचे, कण एकमेकांवर आदळून नष्ट होत आहेत? आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या जादा गॅमा किरणांबद्दलही नेमका हाच वाद वर्षानुवर्षं सुरू आहे.

तिसरी एनजीसी १०६८. इथे ताऱ्यांचा जन्मही जोरात आहे आणि केंद्रात पदार्थ गिळणारं महाकाय कृष्णविवरही. प्रोटॉनच्या टकरींमध्ये गॅमा किरणांबरोबर न्यूट्रिनो नावाचे कणही तयार होतात. इलेक्ट्रॉनच्या मार्गाने ते तयार होत नाहीत. म्हणून न्यूट्रिनो सापडले की प्रोटॉनवर शिक्कामोर्तब होतं. दक्षिण ध्रुवावर एक घन किलोमीटर बर्फात बसवलेल्या 'आइसक्यूब' प्रयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या दीर्घिकेतून आलेल्या सुमारे ७९ न्यूट्रिनोंचा पुरावा मांडला. पण तेवढ्याच ऊर्जेचे गॅमा किरण मात्र तिथून दिसत नाहीत. याचा अर्थ ते कृष्णविवराच्या अगदी जवळ, दाट प्रकाशात तयार होऊन तिथेच शोषले जात असावेत. मग फर्मीला दिसणाऱ्या कमी ऊर्जेच्या गॅमा किरणांमध्ये ताऱ्यांचा वाटा किती आणि कृष्णविवराचा किती, हा वेगळा हिशोब करावा लागतो.

म्हणजे आजचं उत्तर असं आहे. एम ८२ आणि एनजीसी २५३ सारख्या दीर्घिकांमध्ये मुख्य भूमिका प्रोटॉन आणि वायूच्या टकरींची, यावर बहुतेक शास्त्रज्ञांचं एकमत आहे. पण पल्सार, इलेक्ट्रॉन आणि कृष्णविवर यांचा वाटा प्रत्येक दीर्घिकेत वेगळा काढावा लागतो.

या किरणांचा आपल्याला धोका आहे का?

नाही. 'आज रात्री पृथ्वीजवळून वैश्विक किरण जाणार आहेत, मोबाइल बंद करून लांब ठेवा' असा मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो. नासाचं किंवा बीबीसीचं नाव जोडलं तरी तो खोटाच आहे. वैश्विक किरण एखाद्या रात्री येत नाहीत, ते रोज, प्रत्येक क्षणी येतात. आपलं वातावरण त्यांना बहुतांशी वरच्या वर अडवतं. आणि एम ८२ मधून येणारे गॅमा किरण किती क्षीण असतात, हे ९१ या आकड्यावरून कळतंच.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

पहिलं कारण ताऱ्यांचं भविष्य. नवे तारे वायूच्या थंड, दाट ढगांमध्ये जन्मतात. ताऱ्यांचा प्रकाश या ढगांच्या आतपर्यंत पोहोचत नाही, पण वैश्विक किरण पोहोचतात. ते ढगाला आतून ऊब देतात आणि दीर्घिकेतला वायू बाहेर ढकलायला मदत करतात. वायू गेला की तारे बनणं थांबतं. म्हणजे ताऱ्यांच्या मृत्यूतून जन्मलेले कण पुढच्या पिढीतले तारे किती असतील हे ठरवण्यात हातभार लावतात. ते कण किती आहेत हे गॅमा किरणच सांगतात.

दुसरं कारण आकाशाची पार्श्वभूमी. सगळे ओळखीचे स्रोत वजा केले तरी आकाशात सर्व दिशांना गॅमा किरणांची मंद आभा उरते. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने ही आभा प्रामुख्याने तारे बनवणाऱ्या असंख्य दूरच्या दीर्घिकांची असल्याचं मांडलं. इतर काही अभ्यासांमध्ये, विशेषतः जास्त ऊर्जेच्या किरणांसाठी, कृष्णविवरांच्या झोतांचा वाटा मोठा निघतो. शेजारच्या दीर्घिकांचा हिशोब जितका पक्का, तितका हा वाद लवकर मिटेल.

तिसरं कारण कृष्णद्रव्य. विश्वातल्या एकूण पदार्थापैकी सुमारे ८५ टक्के पदार्थ कृष्णद्रव्य आहे, पण ते कशाचं बनलंय हे कुणालाही माहीत नाही. गॅमा किरणांमध्ये त्याची खूण शोधायची तर आधी तारे, स्फोट आणि पल्सार यांचे किरण बाजूला काढायला हवेत. तो हिशोब चुकला तर नसलेलं कृष्णद्रव्य 'सापडेल' किंवा असलेलं हातचं निसटेल.

पुढे काय?

स्पेनमधल्या ला पाल्मा बेटावर आणि चिलीतल्या पारानाल इथे 'चेरेन्कोव्ह टेलिस्कोप ॲरे' ही नव्या पिढीची वेधशाळा उभी राहत आहे. आजच्या दुर्बिणींना एम ८२ चं केंद्र एका ठिपक्यासारखं दिसतं. नव्या वेधशाळेची नजर जास्त तीक्ष्ण असेल आणि अधिक क्षीण दीर्घिकाही तिच्या टप्प्यात येतील.

भारतही या क्षेत्रात आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधल्या हानले इथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर 'मेस' ही २१ मीटर व्यासाची चेरेन्कोव्ह दुर्बीण उभारली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. या प्रकारातली ती आशियातली सगळ्यात मोठी आणि जगातली सगळ्यात उंचावरची दुर्बीण आहे.

एम ८२ मधून निघालेला गॅमा किरण १ कोटी २० लाख वर्षं सरळ रेषेत प्रवास करून इथे पोहोचतो. त्याला जन्म देणारा प्रोटॉन मात्र तिथेच राहिलेला असतो. त्या प्रोटॉनबद्दल आपल्याला जे काही कळलं आहे, ते बरंचसं या किरणाने आणलेल्या निरोपावरूनच.